गरज कुणाची?

बाळ्या,

आईच्या गोळ्यांचं दुसरं पाकीट आणायला चाललोय. तुझ्यासमोर मला शब्द फुटत नाहीत, म्हणून लिहितो.

मळमळीच्या गोळ्यांवर 'गरज पडल्यास' लिहिलंय. तू त्याचा अर्थ 'अगदीच सहन होईना तर' असा लावलास आणि त्या कपाटात कुलूपबंद केल्यास. जन्मभर पुस्तकं वाचूनही मी मान डोलावली. आज न राहवून नर्सला फोन केला. ती म्हणाली, "अहो आजोबा, मळमळायला लागलं की लगेच द्या. उलटीची वाट कसली बघताय?"

आणि तू म्हणतोस, 'सवय लागेल'! कसली? बरं वाटण्याची?

काल बादलीवर वाकून तुझी आई म्हणाली, "हा पोटात होता तेव्हासुद्धा इतकी ओकले नव्हते." मग म्हणाली, पुढच्या केमोला जाणार नाही.

गरज तिची, आणि ठरवणार तू?

कुलूप मी तोडलंय. नीट जमलं नाही, कपाटाचं दारही चिरलं. गोळ्या तिच्या उशाशी आहेत, त्यांना हात लावू नकोस. जेवणाचा आग्रहही नको.

केमोला यायला मी तिला पुन्हा विनवणार आहे. ती तयार झालीच, तर तिच्याबरोबर मी जाईन. तुला यायचं असेल, तर आधी तिला विचार.

बाबा