न धुतलेला एप्रन

बुधवार, ५ मार्च
दुकानात, दुपारी

धाकटे,

अनेक आशीर्वाद. दुकानाचा फोन तीनदा वाजला. तूच असणार हे माहीत असूनही उचलला नाही. रुसले म्हणून नव्हे. म्हणजे रुसलेय, पण कारण वेगळं आहे, ते शेवटी सांगते. तुला शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे, ती या वेळी आवर.

इकडे सगळं ठीक. मोठं मशीन पुन्हा गळतंय. वाळवणाच्या दोऱ्यांखालच्या मोरीत रोपं उगवलीत. तुझ्या वटवाघळांच्या पिल्लांनी फळं खाऊन खाली थुंकलेल्या बियांची. समोरचा न्हावी म्हणाला, "ताई, लाँड्री बंद करा, रोपवाटिका काढा."

पेपरातलं तुझं वाचलं. ढिल्या जाळीत अडकून माद्या मरतात, पिल्लं पोरकी होतात, म्हणून फळबागांना जाळी ताणून बांधा, हे छान समजावलंयस. वटवाघळं नसतील तर उजाड टेकडीवर बी कोण टाकणार, रात्री उमलणाऱ्या फुलांकडे कोण फिरकणार, तेही. फोटोही झकास. तुझ्या हातात पिल्लू आणि कडेला एक कोपर. ते कोपर माझं. खाली छापलंय, ‘वटवाघळांची आई’. वाळवणाची खोली माझी, दोऱ्या माझ्या, दर तीन तासांनी दूध कोमट करणारी मी. आणि आई कोण, तर तू!

जळले मी. लपवून काय करू? लहानपणी घरातलं मांजरसुद्धा माझ्या ताटातलं खाऊन तुझ्या मांडीवर झोपायचं. माझी स्वतःची पोरगी ताप आला की "मावशी" म्हणून कण्हते.

परगावी निघताना बारा पिल्लं माझ्यावर सोपवलीस आणि दारावर कागद चिकटवलास. दर वेळी पाजणारं माणूस वेगळं हवं. बोलायचं नाही. एप्रन दर वेळी धुतलेला, कुणाचाच वास नसलेला. एका माणसाला चिकटलेलं पिल्लू कळपात जात नाही, म्हणालीस. "यासाठीच तर लाँड्रीवाली बहीण लागते," असं म्हणून हसलीसही. त्याच वेळी ते कानाचं टोक फाटलेलं पिल्लू तुझी बाही सोडेना, तेव्हा म्हणालीस, "हे माझ्याशिवाय दूध घेणार नाही बहुतेक."

ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं. म्हटलं, बघतेच.

दुसऱ्या दिवसापासून त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मदतीला येणाऱ्या मास्तरीणबाईंना सांगितलं, ते चावतं. साफ खोटं. अख्ख्या गल्लीचे डाग काढणारी मी, पण तो एक एप्रन चाळीस दिवस पाण्यात घातला नाही. आणि बोलले. मनात येईल ते बोलले, जास्त करून तुझ्याविरुद्ध. आठव्या दिवशी माझा आवाज ऐकून ते दोरीवरून सरकत माझ्याकडे आलं. मला जिंकल्यासारखं वाटलं गं. मास्तरीणबाईंना बोलावून दाखवलं, "बघा, कुणाला ओळखतं ते!"  त्या दारावरच्या कागदाकडे बघत राहिल्या.

परवा संध्याकाळी ठरल्याप्रमाणे छपरावरच्या पिंजऱ्याचं झाकण उघडलं. एकेक करत अकरा गेली, नदीकाठच्या झाडांवरल्या कळपाकडे. हेही झाकणापर्यंत पोचलं होतं. पंखसुद्धा उघडले होते. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी विचारलं, "सगळी गेली का?" आणि मी म्हणाले, "एक राहिलंय."

एवढंच म्हणाले. ते वळलं आणि येऊन माझ्या एप्रनला लटकलं.

मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी छपरावर उभी राहून रडत होते.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कळप अजून तीन-चार आठवडे तिथे आहे. तेवढ्यात माणसाची सवय मोडली तर जाईल, नाहीतर जन्मभर पिंजरा. सवय म्हणजे मी. काल एप्रन दोन पाण्यांनी धुतला. मागे वाळवणाच्या खोलीत पाऊल टाकत नाही, फळं मास्तरीणबाई ठेवतात. पण मध्ये पातळ भिंत आहे. मी गिऱ्हाइकाला "कधी हवेत?" एवढं विचारलं तरी ते आतून चिरकायला लागतं. म्हणून बोलणंच बंद केलंय. मी, जिला बोलायला गिऱ्हाईकही लागत नाही! पाटीवर खडूने लिहून काम चालवते. न्हाव्याला वाटतंय घसा बसला. फोन उचलत नाही तो याचसाठी.

पत्र मिळताच ये. माझ्यावर काय ओरडायचं ते ओरड, पण दुकानात नको, मला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत घेऊन जा आणि तिथे ओरड. पुन्हा झाकण उघडशील तेव्हा मला छपरावर बोलावू नकोस. ते तुझ्या डोळ्यांसमोर उडणार आणि मी खाली इस्त्री धरून बसणार, याचाही आतापासूनच हेवा वाटतोय. तरी येणार नाही.

ते गेलं, अगदी दिसेनासं झालं, की वरून मला हाक मार. मोठ्याने. त्याआधी मी कुणालाच ओ देणार नाही.

तोवर मुकी,
तुझी ताई