दवाखान्याची पिशवी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नववीला आज वेगळाच गृहपाठ दिला – घरातलं एक मोठं माणूस रोज सकाळी शाळेच्या मैदानावर फिरायला आणायचं. पोरं हसली. हसा! घरोघरी आईला शुगर, बापाला बीपी, आणि हेडसर म्हणतात तुमचा पीटीचा तास गणिताला द्या. देणार नाही!

२४ नोव्हेंबर, सोमवार

कोणीही आलं नाही. वर्गातल्या गुलनारला विचारलं, तर मान खाली. शेवटी तिच्या शेजारच्या कलाबाईंनीच फाटकाशी गाठून सांगितलं, "मॅडम, बाई फिरते म्हनलं का गावात भलताच अर्थ निंगते!"

मी बुलढाण्यात वाढलेली, शाळेचं हे देऊळघाट तिथून काय लांब आहे? तरी डोक्यात आलं नाही. स्वतःचाच राग आला.

१ डिसेंबर, सोमवार

तोड काढली गुलनारच्या अम्मीनं! मुबीनाभाभी – शुगर, दुखरे गुडघे, आणि जीभ अशी की मलाही गप्प करतील. सकाळीच मैदानावर हजर, हातात दवाखान्याची पिशवी. पिशवी रिकामी!

"हातात पिशवी असली का कोनी इचारत नाई, मॅडम. इचारलंच तं – दवाखान्यात जाऊन राह्यली!"

१२ डिसेंबर, शुक्रवार

कुंपणाच्या तारेवर पिशव्याच पिशव्या! आता 'दवाखान्यात चला' म्हटलं की सगळ्या बाया खिदळतात. गुलनार आईच्या मागे लागते – "अम्मी, हात हलवा!" भाभींची शुगर उतरलीय. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी खूश मी कधी नव्हते.

७ जानेवारी, बुधवार

मुबीनाभाभी गेल्या.

सकाळी छातीत कळ आली असणार. घरात बोलल्या नाहीत. पिशवी घेतली आणि गुलनारला म्हणाल्या, "दवाखान्यात जाऊन येते." ती अंथरुणातूनच हसली – "हाव, जा! हात हलवत जा!"

कलाबाई अंगण झाडत होत्या. त्यांनीही हाक मारली, "चालल्या का दवाखान्यात?" आणि हसल्या. भाभींनी नुसता हात वर केला. दवाखान्याच्या अलीकडे, वळणावरच्या ओट्यावर टेकल्या त्या उठल्याच नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, दम खाताहेत.

पिशवीत आज फाइल होती. गोळ्या होत्या.

८ जानेवारी

गुलनार रडत नाही. एकच बोलते – "मॅडम, मी हसली." तिला जवळ घेतलं. फार वाईट वाटतंय, फार.

१२ जानेवारी, सोमवार

मैदान रिकामं. कोणत्या तोंडाने बोलावू बायांना? 'दवाखाना' हा शब्दच आम्ही चेष्टेचा करून टाकला होता. सगळ्यांनी मिळून. मीसुद्धा हसायचे.

हेडसरांनी पुन्हा तासाचं काढलं. या वेळी भांडले नाही. घ्या म्हटलं.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी कुलूप काढायला गेले, तर फाटकाशी गुलनार उभी. मागे कलाबाई, त्यांच्यामागे बाकीच्या. कोणाच्याच हातात पिशवी नाही.

कलाबाई डोळे पुसत सांगत होत्या – चौकात एका म्हाताऱ्यानं हटकलं, "कुठं चालल्या वं सकाळीच?" बाया पदर सावरायला लागल्या. आणि ही पोरगी सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "फिराले!"