हिच्या घशाचा चमत्कार

४ जानेवारी, रविवार
नवी डायरी. यंदा रोज लिहायचं. गेल्या वर्षीही ठरवलं होतं, पण त्या डायरीची पानं फार पातळ होती.

आज चर्चच्या उपासनेत हिचा आवाज पुन्हा फाटला. गायनमंडळात जे कडवं ही एकटी गाते, त्याच्या दुसऱ्याच ओळीला तोंडातून नुसती हवा. नोव्हेंबरपासून घसा बसलाय. पेटीवाल्या बाईंनी सूर लांबवून कसंबसं निभावून नेलं. सगळे हिच्याकडे बघत होते. मी वर बघितलं. अंगावर शहारा आला. हे उगाच होत नाहीये. आपलं घर निवडलं गेलं आहे.

९ जानेवारी, शुक्रवार
थोरल्या मेव्हणीने डोकं खाल्लं म्हणून हिला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मेव्हणी पोहायला शिकवते. तिचा आवाज तलावाच्या पलीकडच्या टोकापर्यंत जातो, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. आवाजाच्या तारेवर बारीक गाठ आहे, साधी आहे, काढली की आवाज मोकळा होईल, म्हणाले. तोवर बोलणं कमी, गाणं बंद. फार लांबवू नका, तारेला घट्टा पडला तर मग माझ्या हातात काही नाही.

माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. बाहेर आल्यावर मी हिला एवढंच लक्षात आणून दिलं.

११ जानेवारी, रविवार
पाळकसाहेबांना सांगून टाकलं. ऑपरेशन नाही. ईस्टरपर्यंत ही बरी होईल आणि त्या दिवशी, देवाने कसं बरं केलं, याची मंडळीसमोर साक्ष देईल. ते म्हणाले प्रार्थना करूच, पण डॉक्टरही देवानेच दिलेत ना. हे त्यांचं नेहमीचं. पदवी घेतली की विश्वास पातळ होतो.

घरी येऊन हिचं मत विचारलं. काही बोलली नाही. म्हणजे मान्य आहे.

१३ जानेवारी, मंगळवार
ठरवलं. रोज पहाटे पाचला उठून दोघांनी तासभर स्तुतिगीतं गायची. तीही मोठ्याने. बरं झाल्यासारखं वागलं की माणूस बरा होतो. गप्प बसणं म्हणजे त्या गाठीला मान देणं.

१४ जानेवारी, बुधवार
साडेसातला जाग आली. थंडी फार होती.

१५ जानेवारी, गुरुवार
आज सातला उठलो. ही आधीच उठून डबा करत होती. गॅस बंद करायला लावून समोर उभी केली आणि म्हटलं, गा. हिने गळ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, तिकडे लक्षच द्यायचं नाही. अर्धा तास गायला लावलं. दार घासत उघडावं तसा आवाज. शेवटी हिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आत्मा हेलावला.

२८ जानेवारी, बुधवार
ही बसस्थानकावर अनाउन्सर आहे, लग्नाच्या आधीपासून. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, हे अख्खा गाव हिच्या तोंडून ऐकतो. काल एक आजोबा भलत्याच गाडीत बसून भलत्याच गावाला पोचले, कारण घोषणा कळलीच नाही. डेपो मॅनेजरने आज माइक काढून घेतला. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलंय. छत्र्या, डबे, एक एकटाच बूट.

मी हिला समजावलं, याने साक्षीला वजन येईल. नुसता घसा बसलेली बाई बरी झाली तर लोक खोकल्याच्या गोळ्यांना श्रेय देतात. हुद्दा गेलेली बाई बरी झाली तर गोष्ट वेगळी. ही भिंतीकडे तोंड करून झोपली. भिंतीवर क्रूस आहे. दिशा बरोबर आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार
माझ्या चष्म्याच्या दुकानात मंडळीतल्या एक बाई आल्या. तक्ता वाचताना तिसऱ्या ओळीवर अडल्या. नंबर लिहून देत होतो तर म्हणाल्या, बायकोच्या घशाला प्रार्थना पुरते, मग माझ्या डोळ्यांना चष्मा कशाला. मी म्हटलं, डोळ्यांचं वेगळं असतं. काय वेगळं, म्हणाल्या. मी म्हटलं, नंबर.

पटलेलं दिसलं नाही. फ्रेम मात्र चांगली घेतली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळपासून दाढेत ठणका. मनापासून प्रार्थना केली, चांगली दहा मिनिटं. अकरा वाजता दाताच्या डॉक्टरांकडे. रूट कॅनाल. ही बरोबर आली होती, बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

येताना रिक्षात माझ्याकडे टक लावून बघत होती. अर्धं तोंड बधिर होतं, लाळ गळत होती, तरी मी नीट समजावून सांगितलं. दाढ म्हणजे हाड. चमत्कार मांसाचा असतो. शिवाय दाढ बरी झाली म्हणून साक्ष देणारा माणूस हास्यास्पद दिसतो. हिने रुमाल पुढे केला आणि रिक्षाच्या बाहेर बघायला लागली.

७ मार्च, शनिवार
हिच्या वतीने साक्ष लिहून काढली. चार पानं झाली. पहिल्या परिच्छेदात ही देवाचे आभार मानते, पुढे ओघाने माझे. भावना अगदी तिच्याच उतरल्यात. वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर ही उठून भांडी घासायला गेली.

सकाळचं गाणं रोज चालू आहे, पण आवाज आता पार गेलाय. हाक मारायची तर टेबलावर चमचा वाजवते. मी सांगितलं, चमचा हा अविश्वास आहे, तोंड उघड आणि जोर लाव. विरोध केला नाही. चार महिन्यांत या बाईने मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही. आजारपणातही माणूस घडत असतो.

१५ मार्च, रविवार
मेव्हणी आली आणि पोहायच्या तलावावर असल्यासारखी बोलली. बहीण माझी आहे, म्हणाली. तिचं गाणं तुम्ही मारताय. तुम्हाला ती बरी व्हायला नकोच आहे, तुम्हाला पुढे जाऊन उभं राहायचंय. मी तिला क्षमा केली. मनातल्या मनात, कारण मध्ये बोलायला जागाच देत नव्हती.

घरात असं वातावरण असेल तर उत्तर येणार कसं. टेकडीवरच्या प्रार्थनाघरात एकट्याने जाऊन उपास करायचं ठरवलं.

१९ मार्च, गुरुवार
निघालो. हिने न सांगता बॅग भरून दिली. स्वेटर, टॉवेल, माझ्या बीपीच्या गोळ्या. स्थानकापर्यंत सोडायला आली. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. गाडी वळणाआड जाईपर्यंत फलाटावर उभी होती. गाडी नक्की गेली का, याची खात्री करून घेत असावी इतकी निश्चल. प्रेम असतं, दाखवत नाही एवढंच.

२० मार्च, शुक्रवार
उपास. चहा घेतला, दोनदा. बिस्किटं हे जेवण नव्हे.

सकाळी प्रार्थनेत विलक्षण अनुभव आला. डोळे मिटले होते आणि स्पष्ट दिसलं, हिच्या घशात एक हात काम करतोय. शांत, सराईत हात. नऊचा सुमार असेल. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय, साक्षीत घालता येईल.

२३ मार्च, सोमवार
घरी आलो. मेव्हणी मुक्कामाला. ही नेहमीसारखी गप्प, कोमट सूप पीत बसलेली. उपासात मला साथ देत असणार. मेव्हणी म्हणाली, दहा दिवस हिला एक शब्द बोलायला लावायचा नाही, गाणं तर नाहीच. मी म्हटलं, माझंही तेच मत आहे, उत्तर येण्याआधी शांतता लागते. ती माझ्याकडे बघतच राहिली. हळूहळू येतेय वाटेवर.

३ एप्रिल, गुड फ्रायडे
ऐकलं. स्वतःच्या कानांनी ऐकलं. ही स्वयंपाकघरात मेव्हणीला म्हणाली, मीठ. जाडाभरडा आवाज, पण धडधडीत शब्द. मी बाहेरच्या खोलीत जागच्या जागी गुडघे टेकले. मग पाळकसाहेबांना फोन केला की रविवारची साक्ष नक्की. त्यांनी विचारलं, तिला विचारलंत का. मी म्हटलं, तिला काय विचारायचं.

५ एप्रिल, ईस्टर
बाक खच्चून भरलेले. मी आधी बोललो, थोडक्यात, वीसेक मिनिटं. टेकडी, उपास, तो हात, सकाळचे नऊ. लोक हालेलुया म्हणाले. दोघींनी डोळे पुसले. मग हिला पुढे बोलावलं आणि चार पानं हातात दिली.

हिने पानांची घडी घातली आणि मला परत दिली.

आवाज एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा वाटत होता. माइक असूनही मागचे बाक पुढे झुकले. म्हणाली, वीस तारखेला सकाळी माझं ऑपरेशन झालं. हे गावाला गेले होते. सही मीच केली. गाठ निघाली, पण तारांना घट्टे पडलेत. गळा दुखत असताना रोज ओरडून गायला लावलं, त्याचे. ते आता जायचे नाहीत. जानेवारीत आला असतात तर आवाज जसाच्या तसा आला असता, असं डॉक्टर म्हणाले. डेपोचा माइक गेला आणि गाणंही गेलं. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत. तुमच्या सगळ्यांची मी आभारी आहे.

मग खाली जाऊन मेव्हणीशेजारी बसली. मी पुढेच उभा होतो. कुणीतरी सवयीने आमेन म्हणालं. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत जाहीर केलं. हिचं कडवं आलं तेव्हा कुणीच गायलं नाही. पेटी तेवढी वाजली.

६ एप्रिल, सोमवार
विचार केला. मी हात बघितला होता. हात होताच. कुणाचा, हा तपशील झाला. साक्ष रद्द करायची गरज नाही, मधलं पान बदलून पुढच्या रविवारी मीच देईन.

हिची मोठी बॅग माळ्यावर दिसत नाही. बहिणीकडे गेली आहे. हवापालट बराच.

पाळकसाहेबांचा फोन. पुढच्या रविवारी नको, म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही नको. आणि काही दिवस आजाऱ्यांच्या भेटीला मी जाऊ नये.

१९ एप्रिल, रविवार
हिला आणायला मेव्हणीकडे गेलो. दार हिनेच उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिली. मी म्हटलं, झालं ते देवाच्या योजनेत असेल, चल आता घरी. काहीतरी म्हणाली. आवाज इतका खोल गेलाय की ऐकू आलं नाही. जवळ सरकून विचारलं, काय. पुन्हा म्हणाली. रस्त्यावरून ट्रक जात होता. ट्रक जाईपर्यंत थांबली, आणि मग तिसऱ्यांदा म्हणाली.

नाही, म्हणाली.

दार आपटलं नाही, हळूच लावलं.

परतीच्या बसमध्ये प्रार्थना केली. हिचं नाही म्हणजे आत्ता नाही, असं असणार हे लक्षात आलं, आणि जरा हलकं वाटलं. आमच्या स्टॉपवर उतरता उतरता आठवलं की आत्ता हा शब्द ती म्हणालीच नव्हती.