बाबांना टाय बांधू नकोस

आईस,

कावासाकीहून तेप्पेईचा वाकून नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझी कंबर कशी आहे?

विसरण्याच्या आजाराची सरकारी मदत बाबांना नाकारली, हे कळलं. चूक तुझीच. घरी माणूस येणार म्हणून तू त्यांना टाय बांधलास, चहा ओतायची तालीम घेतलीस. मग तपासनीस म्हणणारच, "वहिनी, हे तर माझ्यापेक्षा ठणठणीत!"

इथे स्टेशनात या आजाराचं पोस्टर आहे. त्यात ऐंशीचा म्हातारा खिडकीबाहेर बघत बसलाय. तपासनीसालाही तसलाच रोगी ठाऊक. चोपन्न वर्षांचा सुतार त्याला कसा पटावा?

पुन्हा अर्ज कर. या वेळी त्यांची दाढी करू नकोस, उष्टं तोंड पुसू नकोस. आणि मुलं किती असं विचारलं, तर मागून माझं नाव सुचवू नकोस. ते "एकही नाही" म्हणतील. म्हणू देत.

तुझाच,
तेप्पेई