मिसेस थॉर्नबींची जयंती

अल नहदा, शारजा
११ फेब्रुवारी २०११

तीर्थरूप आईंना आभाचा नमस्कार.

पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावताय ना, की बाटली नुसतीच कपाटात? इथली थंडी ओसरत आलीय. इराची परीक्षा तोंडावर आहे आणि तिला त्याची काडीची फिकीर नाही.

आनंदाची बातमी आधी सांगते. आमच्या वाचन मंडळानं परवा मिसेस थॉर्नबींची दोनशेवी जयंती साजरी केली. होय, त्याच. तुम्ही कऱ्हाडच्या कॉलेजात आम्हाला त्यांची कादंबरी शिकवलीत आणि माझ्या निबंधाला दहात तीन दिलेत. तीन मार्कांची मुलगी पुढे सून म्हणून कशी चालली, कोण जाणे!

कार्यक्रम वरच्या मजल्यावर, माझ्या मैत्रिणीच्या, अनुराधाच्या हॉलमध्ये होता. बाईंचा फोटो नेटवरून काढून फ्रेम केला, बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून मोगऱ्याचा हार आणला, समई लावली. काळा झगा, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात मोगरा. इरा म्हणाली, "आई, शी लुक्स सो अँग्री." मी म्हटलं, "नवरा गेला आणि पदरात तीन पोरं. कोणीही तसंच दिसेल." बोलून गेले आणि जीभ चावली.

मग मंडळातली आशा तबक घेऊन पुढे झाली आणि थबकली. "अय्या, पण या विडो होत्या ना गं? मग कुंकू कसं लावायचं?"

माझ्याकडे कुणी बघेना, म्हणजे सगळ्यांच्या मनात मीच होते. सुयश गेल्यापासून मी असल्या कार्यक्रमांत मागच्या खुर्चीवर बसते. कुणी बसवत नाही, मीच बसते. त्या दिवशी उठले, तबक घेतलं आणि फोटोच्या काचेवर कुंकू लावलं. बाई जरा विचित्र दिसल्या, पण बऱ्या दिसल्या.

"खलास! आता इकडे बघ," म्हणत अनुराधानं माझ्याही कपाळाला लावलं. विचारलं नाही. मी मोठ्यानं रडले, आई. दवाखान्यातही अशी रडले नव्हते. घरी आल्यावर ते मी पुसलं नाही.

बाईंच्या आयुष्यावर बोलायचं काम माझ्याकडे होतं. भावानं त्यांना आपल्या घरी बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत. पोरं जेवली की त्याच टेबलावर कादंबऱ्या लिहून त्यांनी घर चालवलं. हे सांगताना मला तुमचा वर्गातला आवाज ऐकू येत होता. "भाऊ वाईट नव्हता, पोरींनो, हे लक्षात ठेवा."

तुम्हीही वाईट नाही, आई. माडीवरची खोली रंगवून घेतलीत, इराचं नाव शाळेत घालून आलात. मार्चमध्ये येतो असं मी फोनवर दर वेळी म्हणत राहिले, कारण तुमचा आवाज उजळायचा. आम्ही येत नाही. इथल्या शाळेनं मला नोकरीत कायम केलंय. काल माझ्या पासपोर्टवर माझ्या नोकरीचा व्हिसा लागला, इराचा आता माझ्यावर लागेल.

या गावाचा मला राग नाही असं नाही. मंदीत कंपनीनं निम्मी माणसं काढली आणि सुयशला ठेवलं, तेव्हा आपण पेढे वाटले. गेलेल्यांचं काम त्याच्या एकट्याच्या अंगावर पडलं होतं, ते आपल्याला त्याचं हृदय थांबल्यावर कळलं. शाळेची बस रोज त्याच्या बांधकामाच्या साइटवरून जाते. मी मान वळवते. तरी इथेच राहावंसं वाटतं. तिकडे तुम्ही सगळे मला सांभाळाल. मला सांभाळून घ्यायला नकोय, निदान आत्ता नको.

हे वाचून तुम्ही त्या घरात एकट्या बसून राहाल, ते मला दिसतंय. म्हणून विचारते. याआधी तुम्ही इथे आलात ते सुयशच्या व्हिसावर. आता तुमचा व्हिसा माझ्या नावावर निघतो, मी ऑफिसात जाऊन विचारून आले. एप्रिलमध्ये या. हवं तितकं रागवा, पण इथे येऊन रागवा.

तुमची वाट पाहणारी,
आभा