अकरा गैरहजर बाया

६ जानेवारी २०२५, सोमवार

मशीन आलं. हजेरीचं. शेडच्या दाराशी भिंतीत ठोकलं, बरोबर साहेबांच्या छातीच्या उंचीवर. हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. भाग्येश साहेब — आमचे नवे मॅनेजर, नाशिकचे, वय असेल सव्वीस-सत्तावीस — म्हणाले, "आता रजिस्टर बंद. अंगठा लावा, आत जा. दोन सेकंदांचं काम."

आम्ही मिरचीचे देठ खुडणाऱ्या एकशे चार बाया. पोरींचे अंगठे पटापट लागले. मशीनमधली बाई प्रत्येकीला गोड आवाजात 'धन्यवाद' म्हणायची. माझा नंबर आला. 'पुन्हा प्रयत्न करा.' केला. 'पुन्हा प्रयत्न करा.' नऊ वेळा केला. दहाव्या वेळी मागच्या पोरी मशीनबरोबर एका सुरात म्हणायला लागल्या.

आम्हा अकरा म्हाताऱ्यांचं तेच. वीस-बावीस वर्षं देठ खुडून खुडून अंगठ्याच्या रेघाच गेल्या. तापीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. साहेबांनी माझा अंगठा उजेडात धरून पाहिला. "आजी, यावर काहीच नाही." मी म्हटलं, होतं साहेब, तुमच्या मिरचीत गेलं.

आणि मी चाळिशीनंतर पोत्यांवरची गावांची नावं वाचत वाचत अक्षरं शिकले ती कशासाठी? कुठे अंगठा लावायची वेळ येऊ नये म्हणून! आता सही येते, तर म्हणे अंगठाच पाहिजे.

७ जानेवारी

काल दिवसभर खुडत होतो त्या आम्ही नव्हतोच. यादीत अकरा जणींपुढे 'गैरहजर'.

शेजारची मीनाबाई — हिला जन्मतः गुटीऐवजी मिरची चाटवली असणार — म्हणाली, "सिंधू, आपुन मरी गयात व. मशीन सांगस."

दुपारी तीच मोठ्याने हसली म्हणून साहेब रागवायला आले. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, मी आज आलेलीच नाही. रागावता कोणाला?" साहेबांनी हातातली यादी पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. आणि परत ऑफिसात गेले.

८ जानेवारी

शेडमध्ये जीव जातो अशी तक्रार आम्ही मे महिन्यात केली होती. पंखा आज आला, ऐन थंडीत. मिरचीच्या धुराळ्यात मोठा उभा पंखा! एक बटण दाबलं आणि एकशे चार बाया, दोन हमाल, एक साहेब — कोणाची शिंक कोणाला आवरेना. पंखा आता ऑफिसात उभा आहे. आम्ही अजून एक नळ आणि संडासाच्या दाराला कडी मागितली होती. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

९ जानेवारी, गुरुवार

नोटीस लागली. सलग पाच दिवस गैरहजर तर नाव कमी. उद्या आमचा पाचवा दिवस. घरी सुनेला सांगितलं तर म्हणाली, "आत्या, बरं होईल, घरी बसा." घरी बसून काय करू? भिंत खुडू?

रात्री खोबरेल लावून अंगठा फडक्यात बांधून निजणार आहे. मीनाबाई दही लावणार आहे. कोणी म्हणतं लिंबू.

१० जानेवारी, शुक्रवार

खोबरेल गेलं, दही गेलं, लिंबू तर जखमेत गेलं. साहेब बिचारे सकाळपासून आमचा एकेक अंगठा मशीनवर दाबत होते, नवी नोंद करायला. वर सॅनिटायझर. मिरची लागलेल्या हाताला सॅनिटायझर लावून पाहावं एखाद्याने!

तेवढ्यात त्यांना फोन आला, ते बाहेर गेले. तेव्हा रमीबाई म्हणाली, "हाताचा गेला. पायाचा तर आहे."

रमीबाई खांडबाऱ्याकडची. सकाळच्या गाडीने येते, रविवारी चर्चला जाते. अठरा वर्षं माझ्यासमोर बसते. तिची नागलीची भाकर अर्धी माझी, माझी कळण्याची अर्धी तिची.

बायांनी जीभ चावली. पूजा झालेल्या वस्तूला पाय? रमीबाईचं उत्तर तयार. "नारळ तुम्ही फोडा. मन्हा पाय मोकळा शे."

दोघींनी बगलेत धरलं, एकीने पाय उचलून दिला. पायाचा अंगठा काचेवर टेकला आणि मशीन म्हणालं — 'नोंद झाली. धन्यवाद.' साहेब आत आले तर अठ्ठावन्न वर्षांची बाई एका पायावर उभी आणि दुसरा पाय भिंतीवर.

त्यांनी मशीनवरची नोंद वाचली. मग म्हणाले, "बाकीच्या दहा जणी या."

आम्ही दहा जणींनी आधी मशीनला हात जोडले, मग पाय लावला, मग पुन्हा हात जोडले.

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी नाही. साहेबांना तिळगूळ दिला. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, हाताला सॅनिटायझर लावला आणि मग घेतला. म्हणाले, "आजी, माझी आई पण असाच तिळगूळ करते." पोरगं वाईट नाही. कागदाला घाबरतं, एवढंच. मालक सुरतेला, तिथून फोन आला की खुर्चीतून उठून उभं राहून बोलतं.

१६ जानेवारी, गुरुवार

रोज सकाळी आमची सर्कस. एक स्टूल ठेवलंय. स्टुलावर चढायचं, भिंत धरायची, पाय उचलायचा. पोरी मोबाइलवर फोटो काढतात. मीनाबाई म्हणते, तिकीट लावू.

पण स्टुलाचा एक पाय आखूड आहे. मी साहेबांना म्हटलं, मशीन दोन हात खाली घ्या ना, आम्ही खाली बसून पाय लावू. चार खिळ्यांचं काम, माझा नातू करून देईल.

"आजी, मशीन हलवायला वरून परवानगी लागते. मेल टाकलाय."

"आणि स्टूल?"

"त्याचाही टाकलाय."

आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. इथे तर दळणाराही मेल टाकून बसलाय.

१८ जानेवारी, शनिवार

रमीबाई पडली.

पोरी आत जाऊन बसल्या होत्या. बाहेर ओळीत आम्ही अकरा. ती सगळ्यांत पुढे. पाय उचलला, स्टूल डुगडुगलं, मी हात घातला तर पदरच हाती आला. काचेला पाय टेकलाच नाही. मशीन म्हणत होतं, 'पुन्हा प्रयत्न करा.'

ओरडलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "मन्हा डबा सांभाळ."

आम्ही दहा जणींनी उचलून कंपनीच्या टेम्पोत घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागेल, रॉड टाकावा लागेल. दिवसभर तिथेच होतो. डबा माझ्या मांडीवर. उघडला नाही.

२० जानेवारी, सोमवार

कामावर असताना पडली तर ऑपरेशन कंपनीने करायचं, आणि बरी होईपर्यंत जागा राखायची. हे नोटीस बोर्डावरच लिहिलंय, मी स्वतः वाचलंय. म्हणून साहेबांकडे गेले.

साहेबांनी कॉम्प्युटर पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. "रमीबाई शनिवारी गैरहजर आहेत."

"दारात पडली ती, साहेब."

"कोणी पाहिलं?"

"आम्ही दहा जणींनी."

"तुम्ही दहाही शनिवारी गैरहजर. सिस्टीममध्ये ज्या हजर आहेत त्यांच्यापैकी कोणी पाहिलं असेल तर सांगा."

हजर होत्या त्या आत होत्या. पाहिलं त्या गैरहजर. असं हे गणित. एवढी वर्षं जगले, पण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं पाडायची अशी सोय कुठे पाहिली नव्हती.

साहेब उगाच माऊस वरखाली फिरवत राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता, आलाही. पण थोडी कीवही आली. त्याने राग कमी झाला नाही.

२१ जानेवारी

दवाखान्यात गेले. सगळं सांगितलं. रमीबाई पडल्या पडल्या हसली. "बरोबर सांगस मशीन. मी आत बी नव्हती, बाहेर बी नव्हती. हवेत होती."

तिचा मुलगा उशाशी उभा होता. डॉक्टर रोज विचारतात, पैशांचं काय ठरलं. लवकर झालं नाही तर पाय आखूड राहील म्हणाले.

निघताना तिने माझा हात धरला. हळूच विचारलं, "मन्ही जागा कोणले दिधी?"

कोणालाच नाही म्हटलं. तिचं बसायचं पोतं तिथेच आहे, घडी घालून. मीनाबाईने त्यावर वीट ठेवलीय. कोणी बसलं तर वीट डोक्यात घालीन म्हणते.

२३ जानेवारी, गुरुवार

उद्या माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार. मालक सुरतेहून येणार. आज संडासाला कडी लागली! साहेबांनी सांगितलं — डोक्याला टोपी, हातात मोजे, आणि विचारलं तरच बोलायचं.

जेवायच्या सुट्टीत रविना आली. वीस वर्षांची पोर, अंगठा असा की मशीन लांबूनच धन्यवाद म्हणेल. म्हणाली, "सिंधुमाय, उद्या आम्ही बी अंगठा नही लावतस. लावाविना आत जावानं, खुडानं."

मी घाबरले. तुम्हा पोरींची नावं कमी होतील म्हटलं.

"एकशे तीन नावं काटी, तर देठ कोण खुडी? साहेब?"

मीनाबाई नेमकी तेव्हा पाणी पीत होती. नाकातून आलं.

झोप येत नाही. पोरींच्या चुली या कामावर आहेत. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. रमीबाईच्या जागेवरची वीट दिसत राहते.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी आठला एकशे तीन बाया मशीनपुढून गेल्या. एकीनेही हात लावला नाही. काही जणी जाता जाता मशीनलाच 'धन्यवाद' म्हणाल्या. साहेब दारात उभे. "अंगठा! अंगठा लावा!" कोणी थांबलं नाही. खाली बसलो आणि खुडायला लागलो. इतकं भराभर कधीच खुडलं नसेल.

अकराला माणसं आली. एक चष्म्यावाली मॅडम, दोन पुरुष, मागे मालक. मॅडमने साहेबांना विचारलं, आज किती कामगार आहेत? साहेबांनी स्क्रीन दाखवला. मॅडमने स्क्रीनकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे.

"इथे शून्य दिसतंय."

मालक साहेबांकडे बघायला लागले. मॅडम म्हणाली, "मग या कोण आहेत?"

शेडमध्ये देठ तुटल्याचा आवाज तेवढा येत होता. साहेबांचा चेहरा मिरचीसारखा झाला. अगदी हळू बोलले, "मॅडम, मशीन चुकतं."

विचारल्याशिवाय बोलायचं नव्हतं. पण मी उभी राहिले. गुडघे कटकट वाजले, तेही सगळ्यांनी ऐकलं असेल. म्हटलं, "मग साहेब, मागच्या शनिवारीही चुकलं असेल का?"

मॅडमने वही काढली. म्हणाली, "शनिवारी काय झालं, आजी? बसून सांगा." ती स्वतः खाली बसली. रमीबाईच्या पोत्याच्या शेजारी, वीट न हलवता.

मी सांगितलं. साहेब खाली मान घालून उभे होते. मालकांनी त्यांना काही विचारलं. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "हो सर. खरं आहे. ड्रायव्हरला टेम्पोची चावी मीच दिली होती."

२५ जानेवारी, शनिवार

नवं रजिस्टर आलं. साहेबांनी १८ तारखेचं पान स्वतः भरलं. पहिली ओळ — रमीबाई, हजर. सोमवारी ऑपरेशन, खर्च कंपनीचा.

अक्षर वाईट आहे साहेबांचं. पण वाचता येतं.