हिच्या लॅपटॉपचं कुलूप

३ मार्च, मंगळवार

निषेध! जाहीर, तीव्र आणि संपूर्ण निरुपयोगी निषेध. आज सकाळी एका चपट्या काळ्या पेटीने मला ओळख दाखवायला नकार दिला. 'पासवर्ड चुकीचा आहे.' पुन्हा टाकला. 'चुकीचा आहे.' माझे लेख चुकीचे असतात हे संपादक वर्षानुवर्षं कळवत आलेत — पण इतक्या कोरडेपणाने? ते निदान शेवटी 'कळावे' तरी लिहितात.

लॅपटॉप माझा नव्हे. हिचा. माझा दुरुस्तीला टाकलाय, म्हणून गेल्या आठवड्यात यावरच माझं वेगळं खातं उघडलं. आता माझंही उघडत नाही, हिचंही नाही. हिचा पासवर्ड मला पाठ आहे. जानेवारीत, जायच्या आदल्या आठवड्यात, हिनेच दवाखान्यात सांगितला होता — नळाची मुख्य चावी कुठे आहे ते सांगावं तसा.

दुपारी जेवण झाल्यावर सासूबाई खुर्चीत येऊन बसल्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले. तयार.

"आई, आज यंत्र रुसलंय."

"बरं," म्हणाल्या. उठल्या मात्र नाहीत. तशाच बसून राहिल्या.

४ मार्च, बुधवार

त्या कशासाठी बसतात ते इथेच लिहितो. तोंडाने सांगायला गेलो की माझा विनोद होतो.

सासूबाईंना आता वाचता येत नाही. समोरचं पुसट, कडेकडेचं तेवढं दिसतं. ही रोज दुपारी आईला वाचून दाखवायची. दवाखान्यात पडल्यावर तिथूनही सोडलं नाही — जाडजूड कादंबरी, पूल बांधणाऱ्या एका घराण्याची. एकेक प्रकरण वाचायचं आणि लॅपटॉपवर आवाज भरून ठेवायचा. 'आईला सावकाश ऐकव. सगळं एकदम नको लावूस, तुला घाई फार!'

ही गेल्यापासून आम्ही दोघं सावकाशच ऐकतोय. आता एकच उरलंय. पुस्तकातलं शेवटचं नव्हे. हिने वाचलेलं शेवटचं.

दुसरीकडे कुठेही प्रत नाही. मी शहाणा ना!

५ मार्च, गुरुवार

दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने लॅपटॉप उलटासुलटा केला, वैद्याने जीभ पाहावी तसा.

"काका, पासवर्ड विसरलात."

"विसरलो नाही."

"सगळे असंच म्हणतात. काळजी नको. सगळं पुसून कोरा करतो, संध्याकाळी घेऊन जा. नव्यासारखा!"

"आणि आतलं?"

"आतलं जाणार. काही महत्त्वाचं होतं का?"

मंत्र्यासंत्र्यांना शिव्या घालून मी पोट भरतो. त्याला मात्र 'राहू दे' एवढंच म्हणालो. लॅपटॉप काखेत मारला आणि बाहेर पडलो.

७ मार्च, शनिवार

संपादकांचा फोन. "या वेळी विषय काय?"

"कुलूप."

"राजकीय?"

"घरगुती."

"मग दोनशे शब्द कमी करा."

दिवसभर आकडे पुढेमागे, अक्षरं लहानमोठी. शेवटी यंत्रच म्हणालं, फार वेळा चुकलात, थोड्या वेळाने या. मी टेबलावर मूठ आपटली.

दारात सासूबाई. "मीच केलं ते. रोज सकाळी फडक्याने पुसते मी त्याला. पोरीचा आवाज पुसला गेला माझ्या हातून."

मंगळवारपासून हे मनात घेऊन बसल्यात! म्हणून ताटात अन्न राहत होतं. "काहीतरीच काय आई!" म्हणालो. माझी खात्री नव्हती.

८ मार्च, रविवार

उघडला!

सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. "तुम्ही काय लिहिताय ते दिसतं का तुम्हाला?"

"नाही. नुसते ठिपके दिसतात."

"म्हणजे तुम्हीही चाचपडतच लिहिताय. आणि चहात साखर दोनदा पडली की मला हसता!"

ठिपक्यांच्या बाजूला डोळ्याचं एक चित्र असतं. दाबलं. हिच्या पासवर्डच्या जागी मराठी अक्षरांची चेंगराचेंगरी — काने एकीकडे, मात्रा दुसरीकडे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मरा'. मराठीचं लघुरूप. हा विनोद माझा नव्हे.

कीबोर्ड मराठीवर गेला होता. ही तर यावर घरांचे नकाशे काढायची, मराठी तिने कधी घेतलंच नव्हतं. ते मी घातलं. सोमवारी रात्री, चार ओळींसाठी — 'आमच्या दुःखात सहभागी होऊन धीर देणाऱ्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.' असल्या जाहिरातींची मी आजवर यथेच्छ टिंगल केली. ही जाहिरात मात्र अक्षर न अक्षर तपासून लिहिली, वर्तमानपत्राला पाठवली आणि झाकण लावलं. यंत्र तिथेच थांबून राहिलं.

"आई, तुमचं फडकं निर्दोष सुटलं."

त्या रडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. स्वच्छच होता.

"लावू आता?"

"आज नको. उघडतंय ना? मग असू दे."

९ मार्च, सोमवार

आजही नको म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही. प्रती तेवढ्या काढल्या — तीन ठिकाणी.

१२ मार्च, गुरुवार

"लावा," म्हणाल्या.

लावलं. मध्येच दवाखान्यात कुणाचीतरी चाकाची गाडी खडखडत गेली, ही थांबली, पुन्हा त्याच ओळीपासून सुरू. वाक्य लांब असलं की अर्ध्यात श्वास घ्यायची. कादंबरीतला धाकटा भाऊ नदीवर पोचतो तिथे आवाज अगदी खाली गेला. "आई, दमले गं. उरलेलं उद्या."

मग कागदाची सळसळ. मग काही नाही.

"हो, उद्या," सासूबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

१३ मार्च, शुक्रवार

दवाखान्यातून आणलेली पिशवी आज सोडली. पुस्तक काढलं, खुर्चीसमोर बसलो, धाकटा भाऊ नदीवर पोचतो तिथून वाचायला लागलो.

"जरा हळू. कुणी मागे लागलंय का? पुढे तो वल्हं टाकून देतो, तिथे तर थांबायलाच हवं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अहो, तीनदा वाचलंय मी हे. डोळे होते तेव्हा."

"मग हिला कशाला वाचायला लावलंत?"

"दवाखान्यात दिवस जाता जात नव्हता तिचा." हात पुन्हा मांडीवर ठेवले. "आता तुमचा जात नाही."

हळू वाचलं. हिचं तेवढंच वाचायचं राहिलं होतं.